बकरी कोणी मारली? वाळवंटातल्या शिकारी प्राण्यांचा अभ्यास कसा करायचा आणि त्यांना वाचवायचं कसं

वाळवंट म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, तर नुसती वाळू, माणसाचा पत्ता नाही आणि मधेच एखादं खोकड कानात वारं शिरल्यासारखं पळतंय. प्रत्यक्षात तसं नसतं हो. पाणी मोजक्या ठिकाणी, चारा मोजक्या ठिकाणी, सावली त्याहून कमी, मग माणूस, त्याच्या शेळ्यामेंढ्या, हरणं, ससे आणि या सगळ्यांच्या मागावर असलेले लांडगे-तरस-चित्ते, सगळी मंडळी त्याच चार जागांवर येऊन टेकतात. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटाच्या किनाऱ्यावरचे सिंह समुद्रपक्षी आणि सील मारून खातात हे बऱ्याच जणांनी व्हिडिओत बघितलं असेल, पण तेच सिंह कोरड्या नदीपात्रातून आत गेले की लोकांची गुरं आणि गाढवं मारतात, ते कोणी व्हिडिओत दाखवत नाही.

म्हणून या कामाचा पहिला प्रश्न "इथे किती प्राणी आहेत" हा नाहीच. पहिला प्रश्न तिथला मेंढपाळ विचारतो, "माझी बकरी कोणी मारली?" याचं खरं उत्तर देता आलं की पुढचं निम्मं काम झालं समजा, आणि नाही देता आलं तर तुमचे आलेख-नकाशे घाला चुलीत. खाली जे लिहितोय ते सगळं या एकाच प्रश्नाभोवती आहे. पीएचडी लागत नाही, चिकाटी लागते आणि पहाटे चारला उठायची तयारी लागते. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, स्वानुभव.

आधी परवानग्या, मग चहा, मग कॅमेरे

परवानगीचं काम कंटाळवाणं म्हणून लोक शेवटी ठेवतात, तसं करू नका. वाळवंटं बऱ्याचदा सीमेवर असतात, लष्कराच्या जागा असतात, खाणी असतात, आणि तिथे झुडपात कॅमेरा लपवणारा माणूस कोणालाही संशयास्पदच वाटणार. इराणमध्ये आशियाई चित्त्यावर काम करणाऱ्या अभ्यासकांना २०१८ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं, त्यात त्यांचे कॅमेरा ट्रॅपच (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) पुरावा म्हणून पुढे केले गेले, एकजण कोठडीतच मरण पावला आणि शेवटचे लोक सुटेपर्यंत २०२४ उजाडलं. तेव्हा वन खातं, स्थानिक प्रशासन, जमिनीचा मालक किंवा चराईचा हक्क असलेली मंडळी, सगळ्यांकडून लेखी घ्या, प्रत गाडीत ठेवा, आणि कॅमेऱ्यावर तिथल्या भाषेत चिठ्ठी चिकटवा की हा कशासाठी आहे आणि फोन कोणाला करायचा.

मग लोकांकडे जा. आणि जाताना वही बाहेर काढून प्रश्नावली सुरू करू नका, आधी बसा, पाणी प्या, त्यांच्या जनावरांची चौकशी करा. बोलायचं कोणाशी हे पण महत्त्वाचं. घरातला कर्ता माणूस पुढे येऊन बोलतो खरा, पण कळपामागे दिवसभर फिरणारी बाई, म्हातारा किंवा पोरगं वेगळंच असतं आणि लांडगा नक्की कुठून आला हे त्यांनी बघितलेलं असतं. माझी सुरुवातीची कितीतरी उत्तरं अशी फुकट गेली, कारण मी ज्यांना विचारलं ते वर्षभरात कळपामागे गेलेच नव्हते!

दोन-तीन युक्त्या सांगतो. प्राण्यांचे फोटो दाखवून "यातलं इथे काय दिसतं" असं विचारायचं असेल तर त्यात एक असा प्राणी घुसवा जो तिथे असणंच शक्य नाही. समोरच्याने त्यालाही "हो हो, परवाच बघितला" म्हटलं की त्या मुलाखतीचं वजन किती धरायचं ते कळतं. नुकसान विचारताना "किती जनावरं गेली" असं मोघम न विचारता रोगाने किती, चोरीला किती, तहानेने-भुकेने किती, हरवली किती आणि प्राण्याने मारली किती असं वेगवेगळं विचारा, म्हणजे शिकारी प्राण्याचा वाटा नक्की केवढा ते दिसतं, आणि पुष्कळदा रोगाचा आकडा बघून सांगणाराच गप्प होतो. आणि भरपाई मिळवून देतो असं चुकूनही बोलू नका, एकदा बोललात की पुढचे सगळे आकडे फुगलेले येणार, त्यात त्यांची चूक नाही, तुमची आहे.

विष घातलं का, सापळा लावला का, हे थेट विचारायचं नाही. जिथे हा गुन्हा आहे तिथे कोण कबूल करेल? त्यासाठी एक जुनी पद्धत आहे. समोरच्याने तुम्हाला न दाखवता फासा टाकायचा, ठरावीक आकडा आला तर काहीही असो "हो" म्हणायचं, दुसरा ठरावीक आला तर "नाही", आणि बाकी आकड्यांना खरं सांगायचं. एकेकट्याचं उत्तर तुम्हाला कळत नाही पण शंभर माणसांच्या उत्तरातून साधारण प्रमाण काढता येतं. मुख्य म्हणजे माणसाला आपण पकडले जाणार नाही याची खात्री असते.

वाळू वाचायला शिका

कॅमेरा महाग असतो, वाळू फुकट असते. आणि खरं सांगायचं तर वाळवंटात कॅमेऱ्याइतकंच, कधीकधी जास्तच, ठशांवरून कळतं. अट एकच, सूर्य डोक्यावर यायच्या आत. सकाळी ऊन तिरकं असतं तेव्हा ठशाच्या कडेला सावली पडते आणि बोटं, नखं, तळवा सगळं उठून दिसतं, तोच ठसा दुपारी बाराला बघा, सपाट पांढरी वाळू, काही नाही. वारा सुटला की खेळ खल्लास. त्यामुळे माग काढायला निघताना नेहमी सूर्याकडे तोंड करून चाला, म्हणजे सावली तुमच्या बाजूला पडते आणि ठसा लांबूनच नजरेत भरतो.

ओळखायचं कसं? मांजरकुळाच्या ठशात साधारणपणे नखं उमटत नाहीत, कारण ती आत ओढलेली असतात, आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. चित्ता इथे अपवाद, त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत म्हणून उमटतात, आणि पहिल्यांदा बघणारा हमखास कुत्रा म्हणून सोडून देतो. कोल्हा, लांडगा, खोकड, कुत्रा यांची चार बोटं आणि नखं. कुत्रा आणि लांडगा एका ठशावरून सांगणारा माणूस भेटला तर त्याला नमस्कार करा आणि त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एक ठसा नाही, चाल बघायची. लांडगा बऱ्याचदा सरळ रेषेत, काम असल्यासारखा जातो, गावातलं कुत्रं इकडे हुंग तिकडे हुंग करत नागमोडी जातं. तरसाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो, तेवढ्यावरून ओळखू येतं.

आणि मग येते सँड कॅट, म्हणजे वाळूमांजर. हिच्या तळव्यावर केसांचा जाड थर असतो, तापलेल्या वाळूवर चालण्यासाठी, त्यामुळे ठसा धड उमटतच नाही, नुसता पुसट डाग. रात्री टॉर्च मारून डोळे चमकतात का बघावं तर बाई जमिनीला चिकटून बसते आणि डोळे मिटून घेते. म्हणजे आपण समोरून गाडी घेऊन जातो आणि ती आपल्याला बघत, सॉरी, न बघत बसलेली असते. ही दिसत नाही म्हणून ही नाहीच असं लिहून टाकणारे रिपोर्ट मी वाचलेत. न दिसणं आणि नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून एकाच जागेवर एकदा जाऊन भागत नाही, त्याच जागा चार-पाच वेळा तपासायच्या आणि दरवेळी दिसलं की नाही दिसलं याची नोंद करायची. त्यातूनच "आपल्याला दिसायची शक्यता किती" हे काढता येतं.

ठसे मोजण्याची सोपी रीत: संध्याकाळी गाडीमागे जुना टायर किंवा जड साखळी बांधून मातीच्या रस्त्यावरून ओढत न्या, वाळू पाटीसारखी स्वच्छ होते. सकाळी त्याच रस्त्यावरून हळू हळू या आणि रात्रभरात कोण आडवं गेलं ते वाचा. गाडी नसेल तर पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन मीटरचा पट्टा झाडूने साफ केला तरी चालतं. प्रत्येक ठशाशेजारी पट्टी ठेवून सरळ वरून फोटो, वेळ, जीपीएस, वारा होता का, झालं. फोटो तिरका काढलात की माप गेलं.

पण याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्यांना हे येतं त्यांच्याकडून शिका आणि त्याचे पैसे द्या. नामिबियात जुहोआन या सान आदिवासी जमातीतल्या चार शिकाऱ्यांची परीक्षा घेतली होती, ज्या जनावरांची माहिती अभ्यासकांना आधीच होती त्यांचेच माग दाखवून, कोणता प्राणी, नर की मादी, काय करत होता. ५६९ पैकी ५५७ उत्तरं बरोबर, म्हणजे ९८ टक्के, आणि हा अभ्यास १९९७ मध्ये रीतसर छापून आला. आपल्यातला कोण डिग्रीवाला एवढे मार्क काढेल? दक्षिण आफ्रिकेत लिखापढी न आलेल्या माग काढणाऱ्यांसाठी सायबरट्रॅकर नावाचं चित्रांवर चालणारं सॉफ्टवेअर १९९० च्या दशकात याच कारणाने बनलं, चित्र दाबलं की नोंद झाली, आज ते जगभर वापरतात. तेव्हा स्थानिक माणसाला "गाइड" म्हणून सामान उचलायला लावू नका, त्याचं नाव रिपोर्टवर घाला.

कॅमेरा ट्रॅप, आणि चार हजार मेंढ्या

माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचं कार्ड तीन आठवड्यांनी उघडलं तेव्हा त्यात चार हजारच्या आसपास फोटो होते. हात थरथरत होते आनंदाने. मेंढ्या, मेंढ्या, मेंढ्या, एक मेंढपाळ केस विंचरताना, परत मेंढ्या, आणि हलणारं वाळकं गवत. कोल्हा एकदाच आणि तोही अर्धा, शेपटीकडून.

चूक काय झाली ते सांगतो. हे कॅमेरे हलणाऱ्या उष्णतेवर चालतात, मागची जमीन आणि प्राण्याचं अंग यांच्या तापमानात फरक असेल तर क्लिक होतं. दुपारी वाळू अंगाइतकीच किंवा जास्त तापलेली असते, मग प्राणी समोरून गेला तरी कॅमेरा झोपलेला, आणि उलट तापलेलं झुडूप वाऱ्याने हललं की फटाफट फोटो. म्हणून समोरचं गवत आणि फांद्या आधी साफ करा, कॅमेरा पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून लावू नका नाहीतर उगवता-मावळता सूर्य सगळं कार्ड खातो, आणि वाट थेट आडवी न पकडता थोडी तिरकी पकडा म्हणजे प्राण्याला कॅमेऱ्यासमोर जास्त वेळ मिळतो. खोकड, मांजर यांच्यासाठी उंची गुडघ्याच्याही खाली. झाडं नसतातच, मग लोखंडी खुंटी ठोका किंवा दगड रचून त्यात बसवा. वाळूचे कण काच घासून काढतात, म्हणून दर खेपेला आधी फुंकणीने हवा मारा, तसंच कापडाने पुसलंत तर तुम्हीच पॉलिश पेपर मारताय. दिवसा कळपांची वर्दळ असेल आणि तुमचा प्राणी रात्रीचा असेल तर कॅमेरा फक्त रात्री चालेल असं सेटिंग ठेवा.

रात्रीचा म्हणजे नक्की रात्रीचाच का, हेही आधी तपासून घ्या. चित्ता दिवसा शिकार करतो हे आपण शाळेपासून ऐकतो, पण अल्जीरियाच्या अहग्गार डोंगरात कॅमेरे लावले तेव्हा तिथले सहारी चित्ते बऱ्यापैकी रात्री फिरताना सापडले. आणि तिथे हजार चौरस किलोमीटरला एक चित्तासुद्धा भरत नाही, तेव्हा महिनाभर एकही फोटो आला नाही म्हणून रडत बसू नका.

पाणवठ्यावर कॅमेरा लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावा, पण एवढं लक्षात ठेवा की बरेच वाळवंटी मांसाहारी प्राणी पाण्याची गरज भक्ष्यातल्या रक्तामांसातूनच भागवतात, त्यामुळे पाणवठ्यावर आला नाही म्हणून तो भागात नाही असं होत नाही. आणि माणसं तिथे आंघोळ करतात, कपडे धुतात, तर आधी विचारा, आणि माणसांचे आलेले फोटो लगेच पुसा, कोणाला दाखवू नका. एकदा का "हे लोक बायकांचे फोटो काढतात" असं पसरलं की गाशा गुंडाळायचा.

चित्ता, बिबट्या, हिमबिबट्या, पट्टेवाला तरस यांच्या अंगावरचे ठिपके-पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, तिथे फोटोवरून वेगवेगळे प्राणी ओळखून संख्येचा अंदाज बांधता येतो, मात्र दोन्ही बाजूंनी फोटो हवा, म्हणून वाटेच्या दोन्हीकडे कॅमेरा. खोकड आणि कोल्ह्याला हे जमत नाही, सगळे सारखेच. तिथे "किती" सोडा, "कुठे कुठे" यावर समाधान माना.

शी, केस आणि पट्टा

विष्ठेबद्दल बोलायला लोक लाजतात, पण यातून एवढं कळतं की विचारू नका. कोरड्या हवेत ती महिनोन्‌महिने टिकते, तरसाची तर हाडांतल्या चुन्यामुळे पांढरी पडते. डीएनए काढायचा असेल तर मात्र ताजीच हवी, कडक उन्हात डीएनएची वाट लागते, म्हणून पहाटे गोळा करा आणि सिलिका जेलमध्ये कोरडी ठेवा. हातमोजे आणि मास्क घाला, कुत्रा-कोल्हा जातीच्या विष्ठेतून माणसाला फीतकृमीची वाईट दुखणी लागतात, वास घेऊन ओळखण्याचा हिरोपणा नको. विष्ठेत सापडलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघून कोणाचे ते ठरवता येतं. पण विष्ठेत मेंढीचे केस सापडले म्हणून त्याने मेंढी मारली असं होत नाही, मेलेली खाल्ली असेल. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा.

विष्ठा नाही तर केस. मंगोलियातल्या गोबी वाळवंटातली अस्वलं, माझालाई म्हणतात त्यांना, जगात उरली आहेत काही डझन, आणि ती मोजली कशी तर खाद्य ठेवलेल्या जागेभोवती काटेरी तार लावून तिला अडकलेल्या केसांतल्या डीएनएवरून. अस्वलाला हातही लावला नाही.

प्राण्याच्या गळ्यात तो कुठे फिरतो ते सांगणारा रेडिओ किंवा जीपीएस पट्टा घालायचं काम मात्र स्वतः करू नका, त्याला पशुवैद्य, परवाना आणि अनुभव लागतो, उन्हात बेशुद्ध प्राण्याचं अंग तापून तो दगावू शकतो. पट्ट्याचं वजन प्राण्याच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवलेलं बरं, म्हणजे अडीच किलोच्या वाळूमांजराला ७५ ग्रॅम, बॅटरीसकट. बसवायच्या आधी स्वतःला विचारा की यातून असं काय कळणार आहे जे ठशांतून कळलं नसतं. कधीकधी कळतं! दक्षिण गोबीतल्या तोस्त डोंगरात हिमबिबट्यांना पट्टे घालून दिसलं की एकेकाचं क्षेत्र शंभर-दोनशे चौरस किलोमीटरचं आहे, आणि त्यातूनच बरीच राखीव क्षेत्रं किती तोकडी आहेत ते लोकांच्या डोक्यात शिरलं. तोस्तला २०१६ मध्ये संरक्षण मिळालं, आणि तिथे मेंढपाळ अजूनही राहतात, चारतात.

मेलेली बकरी कशी बघायची

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि हाच कोणी शिकवत नाही. निरोप आला की लगेच निघा, कारण दोन तासांत गिधाडं-कावळे पुरावा साफ करतात. पोचल्यावर जनावराला हात लावायच्या आधी भोवती मोठा फेरा मारा. ओढत नेल्याची खूण, झटापटीची जागा, रक्त, ठसे, सगळं बाहेरून आत येत बघायचं. आधीच वीस माणसं तिथे उभी असतात आणि वीसही जण सांगत असतात "लांडगा". ऐकून घ्या, मान डोलवा, बघत रहा.

मग मालकाला विचारून मानेवरची कातडी सोलायची. बाहेरून दाताची चार भोकं दिसतात, पण उत्तर आत असतं. कातडीच्या आतल्या बाजूला भोकाभोवती काळपट लाल, जेलीसारखं साकळलेलं रक्त असेल तर चावा घेतला तेव्हा बकरी जिवंत होती. भोकं आहेत पण आतून मांस फिकट, स्वच्छ, तर बकरी आधीच मेली होती आणि कोणीतरी नंतर येऊन खाल्ली. हे मालकाच्या डोळ्यांसमोर करा. मी सांगून जे पटलं नसतं ते त्याने स्वतः बोट लावून बघितल्यावर पटतं.

मोठी मांजरं बहुतेक वेळा गळा धरतात, एक-दोन नेमके चावे, बाकी अंग शाबूत. मोकाट कुत्रे मागचे पाय, मांड्या, शेपूट, कान जिथे मिळेल तिथे तोडतात, चार-पाच जनावरं अर्धमेली टाकून जातात आणि खातात थोडंच. आणि दुसऱ्या दिवशी बोंब कोल्ह्याच्या नावाने. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. अर्थात अपवाद भरपूर, म्हणून "नक्की", "बहुतेक", "सांगता येत नाही" असे तीन कप्पे ठेवा आणि तिसरा वापरायला लाजू नका.

मग वाचवायचं कसं

पहिलं म्हणजे रात्रीचा वाडा. एका फटक्यात मोठं नुकसान होतं ते बहुधा रात्री वाड्यातच, कारण कोंडलेल्या मेंढ्या पळू शकत नाहीत आणि गोंधळलेला प्राणी मारतच सुटतो. लडाखमध्ये हिमबिबट्या वाड्यात वरच्या झरोक्यातून उतरला की एका रात्रीत डझनांनी मेंढ्या मरतात, मेंढपाळाचं वर्षभराचं सगळं गेलं, त्याने सूड उगवला तर नवल काय? उपाय महागडा नाही, छतावर पक्की जाळी आणि दार नीट बंद होईल असं. फक्त जाळी लावून निघून येऊ नका, सहा महिन्यांनी दार बिजागरीसकट लटकत असतं, दुरुस्ती कोण करणार ते आधीच ठरवा.

दुसरं, जागा आणि वेळ. मला सगळ्यात आवडतं ते नामिबियाच्या चित्त्यांचं उदाहरण. तिथे नर चित्ते ठरावीक झाडांवर खुणा करतात, बाकीचे चित्ते ते वाचायला येतात, म्हणजे आपल्याकडे पारावर जमतात तसं. पट्ट्यांच्या नोंदींवरून या जागा कुठे आहेत ते काढलं आणि शेतकऱ्यांना सांगितलं की लहान वासरांचा कळप तिथून हलवा. हलवला, आणि वासरांचं नुकसान ८६ टक्क्यांनी घटलं, २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. चित्ते वासरांच्या मागे दुसरीकडे गेले नाहीत, पारावर जे मिळतं तेच खात बसले. एक गोळी नाही, एक पिंजरा नाही. अभ्यासातून बकरीवाल्याला काय मिळालं याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

राखणीची कुत्री पण चालतात. नामिबियातच १९९४ पासून अनातोलियन जातीची मोठी कुत्री पिल्लू असल्यापासून शेळ्यांत वाढवून देतात, ती कळपालाच आपलं घर मानतात आणि शिकाऱ्यावर भुंकून उभी राहतात, नुकसान ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्याचं ही कुत्री देणारी चीता कॉन्झर्वेशन फंड ही संस्था सांगते. पण कुत्र्याला खाऊपिऊ घालायची, लस द्यायची ऐपत आणि इच्छा असेल तरच द्या. उपाशी राखण्या कुत्रा स्वतःच ससे-हरणं मारायला लागतो. चमकणारे दिवे, आवाज हे तात्पुरते, आठ-पंधरा दिवसांनी जागा बदलली नाही तर प्राणी त्याच उजेडात जेवायला येतो.

तिसरं, कचरा आणि मोकाट कुत्रे, ज्याबद्दल बोललं की सगळे दुसरीकडे बघतात. मेलेली गुरं उघड्यावर टाकली, हॉटेलचा कचरा वस्तीच्या कडेला टाकला की कुत्रे वाढतात, आणि कुत्र्यांबरोबर रेबीज, डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य रोग), खरूज. कॅलिफोर्नियाच्या बेकर्सफील्ड शहरात राहणाऱ्या, आधीच धोक्यात असलेल्या किट फॉक्स नावाच्या छोट्या खोकडांमध्ये २०१३ पासून खरजेची साथ आली आणि शहरातली त्यांची संख्या पार खाली आली. तिथे कुत्र्यांवर सगळं ढकलू नका, बिळं सामायिक वापरणारी खोकडं आपापसात पण पसरवतात. ऑस्ट्रेलियाच्या तनामी वाळवंटात खाणीच्या कचऱ्यावर जगणारे डिंगो (तिथले रानटी कुत्रे) मोठ्या टोळ्यांनी आणि अगदी थोड्या जागेत राहायला लागले. आयतं मिळालं की कोण फिरणार? म्हणून कचऱ्याला कुंपण, मेलेली जनावरं वस्तीपासून लांब, आणि कुत्र्यांची नसबंदी-लसीकरण हे "प्राणी वाचवणं"च आहे, फक्त पोस्टरवर चांगलं दिसत नाही.

विष म्हणजे सगळ्यात वाईट. एका मेंढीत घातलेलं कीटकनाशक लांडग्याला तर मारतंच, शिवाय तरस, गिधाडं, गावातली कुत्री सगळ्यांना. मेलेले बरेच प्राणी एकत्र सापडले तर हात लावू नका, कोणाला लावू देऊ नका, फोटो काढा आणि अधिकाऱ्यांना कळवा.

पैशाचं म्हणाल तर नुसत्या सरकारी भरपाईवर भिस्त ठेवू नका, कागदं फिरेपर्यंत पुढचा उन्हाळा येतो. लोकांनी स्वतः थोडा हप्ता भरायचा, गावाची समिती नुकसान तपासणार, आणि राखण नीट केली त्यालाच पैसे, असा विमा हिमाचलमधल्या स्पितीतल्या किब्बर गावात २००२ पासून चालवला गेला. शेजाऱ्याला फसवणं सरकारला फसवण्यापेक्षा अवघड असतं, एवढं साधं गणित आहे.

आणि लोकांच्या श्रद्धेला, इतिहासाला पायाखाली घालू नका. लडाखमध्ये लांडगे पकडायचे जुने दगडी खड्डे आहेत, शांगदोंग म्हणतात. पाडा म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, पूर्वजांनी बांधलेले आहेत ते. चुशूलमध्ये २०१८ च्या सुमाराला लोकांनी खड्डे तसेच ठेवून लांडग्याला बाहेर पडता येईल असे केले आणि शेजारी स्तूप बांधला.

काम झाल्यावर

बिळांची, गुहांची नेमकी जागा इंटरनेटवर टाकू नका, फोटोतलं लोकेशन बंद करा, चित्त्याची आणि फेनेकची (मोठ्या कानांचं सहारातलं छोटं खोकड) पिल्लं पाळायला विकली जातात आणि विकणारे तुमचीच पोस्ट वाचत असतात.

निष्कर्ष आधी त्या लोकांना दाखवा ज्यांच्याकडे पाणी प्यायलात. मी एकदा भिंतीवर चादर लावून रात्रीचे फोटो दाखवले. कोल्हा आला, लोक हसले. तरस आलं, पोरं ओरडली. मग वाड्याच्या दारात एक फाटक्या कानाचा कुत्रा कोकरू तोंडात धरून उभा, आणि चादरीसमोरची सगळी मंडळी एकदम गप्प, कारण तो कान कोणाच्या कुत्र्याचा हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. मी पुढचा फोटो लगेच लावला. नाव विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कुत्रा साखळीला बांधलेला दिसला.

निघताना सगळ्या खुंट्या मोजून उपटा. पुरलेल्या खुंटीत एखादं जनावर पाय मोडून घेईल आणि पुढच्या वर्षी तुम्ही गेलात की ठशांचं, कॅमेऱ्याचं कोणी काही बोलणार नाही, आधी ती खुंटी समोर आणून ठेवतील.